तंबोऱ्यातली वाळू आणि फाटलेला बास

गाडी माझ्या कार-ऑडिओच्या दुकानासमोर लागली तेव्हा आत बापलेकांचं भांडण चालू होतं, आणि ते गाडीतल्या ॲम्प्लिफायरवरूनच होतं.

मुलगा काच खाली करून म्हणाला, "दादा, आवाज चढवला की बास फाटतो." शेजारच्या सीटवरून त्याचे वडील, चाचा, म्हणाले, "चढवल्यावर कुठं? हळू लावल्यावर बिघडतो. तंबोऱ्यावर कुणी चिमूटभर वाळू टाकल्यासारखा." मुलानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हाताऱ्याच्या कानांचं फार मनावर घेऊ नका, असा त्याचा अर्थ.

मीही घेतलं नाही. म्हणून तर हे प्रकरण लिहून ठेवतोय.

चाचा मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीतले. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, तुणीचं लाकूड आणि तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून काढायची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, यात त्यांची हयात गेली. तयार वाद्य पोचवायला किंवा कुणाच्या तंबोऱ्याची जवारी काढून द्यायला ते या गाडीतून फिरतात आणि वाटेत किराणा घराण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांशिवाय दुसरं काही लावत नाहीत. मिरजेत हे नवल नाही. अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, त्यांची कबर इथंच आहे आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. संध्याकाळी मात्र गाडीचा ताबा मुलाकडे जातो आणि डिक्कीतला वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, जागा होतो. एकाच ॲम्पला दोन मालक, आणि दोघांच्या ऐकण्यात जमीन-अस्मानाचं अंतर.

गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. पुढं अँड्रॉइड स्टिरिओ, पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर. डिक्कीत सेकंडहँड घेतलेला चार चॅनेलचा क्लास-एबी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, ॲम्प. त्याचे पहिले दोन चॅनेल दारांच्या स्पीकरना आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, दहा इंची वूफरच्या बॉक्सला जोडलेले. कव्हरवर चार ओहमला चॅनेलमागे ७५ वॅट असं छापलेलं.

माझ्याकडे येण्याआधी गाडी दोन ठिकाणी फिरून आली होती. पहिल्या दुकानात दारांचे स्पीकर बदलले, दुसरीकडं स्टिरिओच बदलला. दोन्ही वेळा दोन-चार दिवस बरं वाटलं. नव्या वस्तूचं तसंच असतं, पैसे मोजलेले कान थोडे दिवस सांभाळून घेतात. मग पुन्हा तेच.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक "आवाज फाटतो" एवढंच सांगतं. त्याखाली काहीही असू शकतं. स्पीकरच्या कॉइलला घासण लागलीय, ॲम्प क्लिप होतोय (ताकद संपून लहरीची शिखरं कापली जातायत), स्टिरिओच क्लिप होऊन पुढं पाठवतोय, व्होल्टेज कमी पडतंय, कुठं ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) आहे, नाहीतर दाराचा पॅड खडखडतोय. ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी शिट्टी ऐकवूनही लोक "फाटतो"च म्हणतात, ती तर अर्थिंगची वेगळीच भानगड. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो: कधी फाटतो आणि कुठून. या गाडीत "कधी"ची दोन उत्तरं मिळाली होती, एकमेकांच्या बरोबर उलट. तिथंच थांबायला हवं होतं. मी मुलाचं उत्तर धरून चाललो, कारण ते माझ्या ओळखीचं होतं.

मोठ्या आवाजातलं फाटणं

मुलाचं गाणं लावलं. स्टिरिओचा आवाज ४० पैकी २६ पर्यंत ठीक. २८ च्या पुढं ढोलाचा ठोका पडला की "धम्म"च्या जागी "भर्र" यायचं आणि त्याच क्षणी ॲम्पवरचा निळा दिवा मंद व्हायचा. निम्मं निदान त्या दिव्यानंच केलं.

गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर १४.१. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही चांगले. आता मोजायचं ते बॅटरीपाशी नाही, ॲम्पच्या टर्मिनलवर, आणि तेही भार असताना. बऱ्याच ठिकाणी इथंच चूक होते. गाणं बंद ठेवून मीटर लावला तर कुठलीही सडकी वायर १४ व्होल्ट दाखवते, कारण तिच्यातून करंटच जात नसतो. मी ५० हर्ट्झचा सलग सूर लावून दोन-तीन सेकंदांत रीडिंग घेतो. जास्त वेळ चालवला तर वूफरची कॉइल तापते, आणि गिऱ्हाइकाच्या वूफरवर आपले प्रयोग करायचे नसतात.

सूर चालू असताना ॲम्पच्या टर्मिनलवर ११.२ व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीवर १३.७. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेत कुठंतरी हरवत होते.

कुठं, ते शोधायला मी सहा मीटरची एक वायर वेगळी ठेवलीय, तीच मीटरच्या एका टोकाला जोडायची. बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत मोजलं तर ०.९ व्होल्ट. बॅटरीच्या मायनसपासून ॲम्पच्या ग्राउंडपर्यंत १.६. दोन्ही मिळून बरोबर अडीच. क्लॅम्प मीटरवर करंट ३५ अँपिअरच्या आसपास दिसत होता. ३५ अँपिअरला १.६ व्होल्ट पडतात म्हणजे ग्राउंडच्या वाटेत जवळजवळ ४६ मिलिओहम. ऐकायला ही रक्कम काहीच नाही. पण गुणाकार केला तर त्या एका जोडावर ५६ वॅट उष्णता होत होती, हेडलाइटच्या बल्बाएवढी.

डिक्कीचं कार्पेट उचललं. ग्राउंडची वायर पत्र्याचा स्क्रू मारून बसवलेली, तीही रंगावरच. थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली रंग तसाच शाबूत, करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांमधून. आट्यांभोवती गंज, थिंबल काळी पडलेली, आणि स्क्रूला बोट लावलं तर चटका. प्लसची वायर वरून अंगठ्याएवढी जाड, "आठ गेज" छापलेली. सोलून बघितली तर आत चंदेरी तारा, वरून तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेली ही वायर शुद्ध तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश वाहकतेची असते, आणि इथं गाभासुद्धा छापल्याइतका जाड नव्हता. प्लास्टिक मात्र भरपूर. असल्या वायरला आम्ही "फुगवलेली" म्हणतो.

व्होल्टेज पडल्यानं आवाज का फाटतो? कारच्या क्लास-एबी ॲम्पमध्ये आधी एक छोटा पॉवर सप्लाय असतो. तो गाडीचे १४ व्होल्ट घेऊन त्यातून ट्रान्झिस्टरसाठी प्लस आणि मायनस अशा दोन रेल तयार करतो. या ॲम्पच्या रेल २८-२८ व्होल्टच्या होत्या. चार ओहमच्या स्पीकरला ७५ वॅट द्यायचे तर लहरीचं शिखर साधारण साडेचोवीस व्होल्टपर्यंत जातं. २८ च्या छताखाली ते आरामात मावतं. पण हा सप्लाय रेग्युलेटेड नव्हता. ॲम्पला ११.२ व्होल्ट मिळाले की रेल बावीसवर यायच्या. छत खाली आलं, लहर तेवढीच उंच. शिखर छताला लागून सपाट होतं, त्याला क्लिपिंग म्हणायचं, आणि सपाट झालेला बास म्हणजेच ते "भर्र". शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे २८ वरून २२ झाले तर स्वच्छ आवाजाची क्षमता शंभरावरून बासष्टवर येते.

त्यात मुलानं दोन खिळे स्वतःहून ठोकले होते. वूफरचा गेन शेवटपर्यंत फिरवलेला आणि बास बूस्ट १२ डेसिबलवर. सहा डेसिबल वाढवले की व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट मागितली जाते. बारा डेसिबल म्हणजे व्होल्टेज चौपट, शक्ती सोळापट. दहा वॅटच्या ठोक्याला बूस्ट १६० वॅट मागतो, आणि ते आणायचे कुठून याची फिकीर बटणाला नसते. "गेन म्हणजे ॲम्पचा व्हॉल्यूमच ना?" असं त्यानं विचारलं. हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा ऐकू येतो. गेन हे स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलची आणि ॲम्पच्या ताकदीची सांगड घालायचं बटण आहे. जास्त फिरवलं म्हणून ॲम्प जास्त वॅट देत नाही. असलेले वॅट लवकर संपतात, एवढंच.

काम सरळ होतं. पुढून मागपर्यंत २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे चार गेजची, शुद्ध तांब्याची केबल टाकली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. ग्राउंडसाठी डिक्कीतली जाड पत्र्याची जागा निवडली. रंग पॉलिश पेपरनं लख्ख होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून नटबोल्टनं थिंबल आवळली आणि वरून ग्रीस लावलं, म्हणजे पावसाळ्यात परत गंज धरणार नाही. सीटबेल्टचा बोल्ट तिथंच हाताशी होता. मी त्याला हात लावत नाही. तो माणसाच्या जिवासाठी आहे. नंतरची रीडिंग: प्लसवर ०.२५, ग्राउंडवर ०.०८, ॲम्पला मिळतात १३.३ व्होल्ट.

मग गेन. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट केला, बास बूस्ट शून्यावर. स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरवर स्कोप, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून बघितलं तर स्टिरिओ ३३ पर्यंत स्वच्छ देत होता, पुढं स्वतःच सपाट होत होता. म्हणून आवाज ३२ वर ठेवला, वूफरची वायर काढली, पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा सूर लावला आणि एसी व्होल्टवर २५ येईपर्यंत गेन वाढवला. चार ओहमला ते साधारण १५६ वॅट होतात, या ॲम्पला ब्रिजवर झेपणारे. पुढच्या चॅनेलना १६ व्होल्ट, म्हणजे ६४ वॅट. एक जाता जाता सांगतो. पुष्कळ जण पुढच्या स्पीकरसाठी एक किलोहर्ट्झचा सूर लावून हेच करतात. स्वस्तातले मल्टिमीटर बनवलेले असतात घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी, वरच्या सुरांना ते कमी आकडा दाखवतात. मीटर कमी दाखवतो म्हणून आपण गेन वाढवत बसतो. २००-३०० हर्ट्झचा सूर घ्या, नाहीतर स्कोप वापरा.

मुलानं गाणं लावलं, ३० वर. ठोका ठोक्यासारखा आला. तो खूष. मी चाचांना म्हटलं, "बघा, झालं." चाचांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी

सकाळी दुकान उघडायला आलो तर चाचा एकटेच गाडीत बसलेले. मागच्या सीटवर गवसणीत एक तंबोरा, कुणाला तरी पोचवायचा होता.

"वाळू तशीच आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "चाचा, ध्वनिमुद्रण जुनं असेल. ती खरखर मूळचीच." ते काही बोलले नाहीत. तंबोरा बाहेर काढला, दुकानातल्या बाकड्यावर मांडी घालून बसले आणि जोडाची एक तार छेडली. मग म्हणाले, "हे ऐक. तार छेडली की झणकार लगेच येत नाही, फुलायला जरा वेळ घेतो. फुलला की हळूहळू ओसरतो. शेवटी बारीक होत होत शेपूट विझते, तिथं काही शिल्लक राहत नाही." घोडीवरचा दोरा नखानं जरा सरकवून त्यांनी तीच तार पुन्हा छेडली. आवाज मुका झाला. दोरा जागेवर आणला, आणि झणकार परत आला. "ही जवारी मी काढलेली. आता गाडीत ये."

गाडीत त्यांनी नुसत्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं, आवाज ६ वर. त्यांच्याच वाद्याचं, फोनवर केलेलं. "छेडल्यावर ठीक. फुलल्यावरही ठीक. आता शेपूट ऐक."

मी डाव्या दाराच्या स्पीकरजवळ कान नेला. तार विझत चालली तसतशी तिच्यात एक कोरडी खसखस वर येत होती. आवाज जितका बारीक, खसखस तितकी ठळक. उजव्या बाजूला तार स्वच्छ विझत होती.

त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. क्लिपिंग असतं तर आवाजाच्या शिखरावर ऐकू आलं असतं, छेडल्याबरोबर. हे शेपटीवर होतं, जिथं सिग्नल सगळ्यात लहान. मोठ्या आवाजाचं आणि लहान आवाजाचं फाटणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि चाचांनी पहिल्याच वाक्यात ते सांगितलं होतं. "हळू लावल्यावर बिघडतो." आणखीही एक गोष्ट ते बोलून गेले होते, ती मला आता आठवली: रस्त्यात खड्डा लागला की वाळू क्षणभर जाते. तेव्हा मी हसलो होतो.

मग अदलाबदल. हे दोन मिनिटांचं काम आधीच्या दोन्ही दुकानांत कुणी केलं असतं तर या माणसाचे स्पीकरचे आणि स्टिरिओचे पैसे वाचले असते. ॲम्प बंद करून आरसीएच्या डाव्या-उजव्या पिना एकमेकींच्या जागी घातल्या आणि परत चालू केला. खसखस डाव्या दारातच राहिली, म्हणजे स्टिरिओ आणि आरसीए निर्दोष. पिना पूर्ववत केल्या आणि ॲम्पपाशी स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. आता खसखस उजव्या दारात गेली. म्हणजे दारातला स्पीकरही निर्दोष. उरला तो ॲम्पचा पहिला चॅनेल.

काढलेले जुने स्पीकर मुलानं डिक्कीत तसेच ठेवले होते. तेही तपासले. दोन्ही ३.५ ओहम, चार ओहमच्या स्पीकरला हवे तेवढेच. कोन दोन बाजूंनी बोटांनी सारखा दाबून बघितला, कुठं घासण नाही. फाटले म्हणून काढलेले ते स्पीकर ठणठणीत होते.

बाकड्यावर

ॲम्प उघडला. आधी नजरेनं: फुगलेला कंडेन्सर नाही, जळका वास नाही, मॉस्फेटचे पाय नीट. पीसीबीच्या, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीच्या, एका कोपऱ्यावर मात्र पांढरट डाग. स्टेपनीच्या खळग्यात कधीतरी पाणी साचलेलं असणार, ॲम्प त्याच्या वरच बसवलेला होता. बाकड्यावरच्या सप्लायला जोडताना प्लसच्या वाटेत हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घातला. आत कुठं शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला, म्हणजे काढून टाकायला हरकत नाही. रेल दोन्ही २८ च्या आसपास, ऑप-ॲम्पना १५-१५ व्होल्ट बरोबर, आउटपुटला डीसी १२ मिलिव्होल्ट. कागदावर सगळं आलबेल.

आउटपुटला चार ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावला, एक किलोहर्ट्झचा सूर दिला आणि स्कोपवर बघत राहिलो. दहा व्होल्टच्या लहरीत काहीच दोष दिसेना. गुळगुळीत. सूर कमी करत अर्ध्या व्होल्टच्या शिखरापर्यंत आणला, तेव्हा पहिल्या चॅनेलची लहर शून्याची रेषा ओलांडताना दरवेळी अडखळायला लागली. वर जाताना एक छोटी पायरी, खाली येताना एक. दुसऱ्या चॅनेलला ती नव्हती. अर्ध्या व्होल्टचं शिखर म्हणजे चार ओहमला एका वॅटचा जेमतेम तिसावा भाग. ७५ वॅट छापलेल्या ॲम्पमधून चाचा रोज एवढंच वापरतात, आणि बिघाड बरोबर तेवढ्याच जागेत लपलेला.

चाचा शेजारी उभे राहून पडद्याकडं बघत होते. ही पायरी कसली, ते त्यांना लाकडाच्या भाषेत सांगितलं. दोघांनी ओढायची मोठी करवत आठवा. एक जण आपल्याकडे ओढतो, मग दुसरा त्याच्याकडे. ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यात असेच दोन ट्रान्झिस्टर असतात. लहरीचा वरचा अर्धा एक ओढतो, खालचा दुसरा. ट्रान्झिस्टरला जागं व्हायलाच साधारण ०.६ व्होल्ट लागतात. पहिल्यानं हात सोडला आणि दुसरा अजून जागा झालेला नाही, तर मधे करवत थबकते. तो हिसका म्हणजे ही पायरी. लांब ओढीत हिसका जाणवत नाही, बोटभर ओढीत दुसरं काही जाणवतच नाही. म्हणून दोघांनाही कायम थोडं जागं ठेवायचं, विश्रांतीतही किंचित करंट वाहू द्यायचा. त्याला बायस म्हणतात.

"म्हणजे एक गडी झोपतोय," चाचा म्हणाले.

दोन्ही झोपत होते. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला (बेस, एमिटर, कलेक्टर या तीन पायांपैकी एकाला) ०.२२ ओहमचे सिमेंटचे रेझिस्टर असतात, त्यांच्या दोन टोकांवर सिग्नल नसताना मिलिव्होल्ट मोजले की बायस कळतो. चांगल्या चॅनेलला ६ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण २७ मिलिअँपिअर. बिघडलेल्याला ०.२. जवळजवळ काहीच नाही. मागं गेलो. बायस ठरवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवलेला असतो, त्याच्यावर चांगल्या चॅनेलला २.२८ व्होल्ट, इकडं १.७. त्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरच्या मधे एक किलोओहमचा छोटा प्रिसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा रेझिस्टर, उघड्या कार्बनच्या पट्टीचा. पांढरट डाग बरोबर त्याच्याच भोवती. प्लास्टिकच्या दांड्यानं प्रिसेटच्या शेजारी हलकीच टिचकी मारली. स्कोपवरची पायरी गायब झाली. अर्ध्या सेकंदात परत आली.

हाच तो खड्डा.

प्रिसेट काढून मोजला तर नुसत्या स्पर्शानं ४०० ओहमपासून काही किलोओहमपर्यंत उड्या. ओलीनं पट्टी खराब होऊन फिरती पत्ती नीट टेकत नव्हती, रेझिस्टन्स वाढला होता, आणि या जागचा रेझिस्टन्स वाढला की बायस उतरतो. ज्यानं कुणी हे सर्किट आखलं त्याला इथं दाद द्यायला हवी. तोच प्रिसेट कलेक्टर आणि बेसच्या मधे असता, तर खराब झाल्यावर बायस उतरण्याऐवजी चढला असता, आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापून जळाले असते आणि चाचा माझ्याकडं वाळूची नाही, धुराची तक्रार घेऊन आले असते.

चारही चॅनेलचे प्रिसेट बदलले. तेवढ्याच ओहमचे, पण बंद डबीचे आणि बऱ्याच फेऱ्यांत फिरणारे, म्हणजे ओल शिरत नाही आणि बारीक जुळवता येतं. नवा प्रिसेट बसवताना तो कमीत कमी बायसच्या टोकाला ठेवूनच ॲम्प चालू करायचा, इथं ते टोक जास्तीत जास्त रेझिस्टन्सचं. उलट झालं तर पहिल्या सेकंदात ट्रान्झिस्टर जातात. मग मीटर लावून सावकाश ६ मिलिव्होल्टपर्यंत आणलं. पंधरा मिनिटं तापू दिल्यावर आकडा ८ वर गेला, कव्हर लावून आणखी पंधरा मिनिटांनी तिथंच थांबला. वाढतच राहिला असता तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही असं समजलो असतो. तो सोडवून पेस्ट बदलली होतीच. पीसीबी आयपीए अल्कोहोलनं धुऊन वाळवला, संशयास्पद सोल्डर परत मारले. अर्ध्या व्होल्टला दोन्ही चॅनेलच्या लहरी आता सारख्या.

नवीन ॲम्प बहुतेक क्लास-डी येतात. त्यांच्यात हा बायसचा प्रिसेट नसतो, त्यामुळे ही वाळूही या वाटेनं येत नाही. जुना क्लास-एबी ॲम्प "हळू आवाजात खराब, मोठ्या आवाजात चांगला" म्हणून आला, तर मात्र स्पीकरकडं जाण्याआधी एमिटर रेझिस्टरवर मीटर लावून बघा.

ॲम्प परत बसवताना जागा बदलली. स्टेपनीच्या वरून काढून मागच्या सीटच्या पाठीला, प्लायवर उभा. तिथं पाणी पोचत नाही आणि हवाही लागते.

संध्याकाळी दोघं आले. मुलानं त्याचं गाणं लावलं, ऐकलं आणि स्वतःच बंद केलं. चाचांनी सगळ्या काचा चढवल्या, आवाज ६ वर आणला, तंबोरा लावला आणि डोळे मिटून बसले. तार फुलली, ओसरली, विझली. त्यांनी तीच जागा चार वेळा ऐकली. मी बाहेर उभा होतो, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

काच खाली झाली.

"वाळू गेली," चाचा म्हणाले. मग उजव्या दारावर बोट ठेवून, "पण हे दार पंचमाला खडखडतंय."

मी दारावर हात ठेवून पॅड दाबला. खडखड थांबली. आतली एक क्लिप तुटलेली होती. म्हटलं, उद्या आणा, बसवून देतो. चाचा म्हणाले, "त्याला तू कशाला?" दुसऱ्या दिवशी त्यांनी गवसणीच्या अस्तराचा उरलेला तुकडा दुमडून पॅडच्या मागं सारला. तो अजून तिथंच आहे.